वाडा उतरवताना : तरुणांच्या प्रशिक्षणाच्या कामनोंदी

८ जानेवारी २०२४

वाई तालुक्यातील एका गावचा दुमजली वाडा हाताने उतरवण्याचे काम आजपासून आमच्या संस्थेकडे आले. उतरवलेला माल पुनर्वापरासाठी विकायचा आणि त्या कामात तरुणांना शिकवायचे, असा बेत आहे. जोत्याला घडीव दगड, खालच्या मजल्याला चुन्यातील विटांच्या भिंती, वरच्या मजल्याला पांढऱ्या मातीचे भेंडे म्हणजे कच्च्या विटा, सागवानी खांब आणि तुळया, कडीपाट म्हणजे कड्या-तक्त्यांवरची मातीची जमीन, वर मंगलोरी कौले अशी इमारत आहे. पुढची पडवी मात्र अलीकडे सिमेंटमध्ये बांधलेली आहे.

मालकांना एका ठेकेदाराने माल घेऊन पाडण्याच्या बोलीवर दीड लाख रुपये देऊ केले होते आणि दोन आठवड्यांत जागा मोकळी करून देण्याचे कबूल केले होते. आम्ही एक लाख आणि मार्चअखेरची मुदत सांगितली. तरीही काम आम्हाला मिळाले, याचे कारण पुनर्वापराचे प्रेम नव्हे. वाड्याची उत्तरेकडची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि जेसीबी लावल्यास त्यांचे घरही हादरेल, अशी धास्ती दोन्ही घरांना होती. असे काम करू पाहणाऱ्यांनी सामाईक भिंतीची, गल्लीबोळातली, यंत्र न शिरणारी घरे आधी शोधावीत. तेथे आपला संथपणा खपतो. देवघराची चौकट आणि दिंडी दरवाजा मालकांकडेच राहील, असे करारात लिहिले आहे.

प्रशिक्षणार्थी नऊ आहेत, त्यांपैकी दोन मुली. सगळे अठरा वर्षे पूर्ण झालेले आहेत. सतरा वर्षांच्या एका मुलाला परत पाठवावे लागले. त्याला यायचे होते आणि घरातल्यांचीही हरकत नव्हती, परंतु पाडकामासारख्या धोक्याच्या कामावर अठराच्या आतील कोणालाही घ्यायचे नाही, ही आमची पहिली अट आहे. शिकवायला एक जुने सुतार मिस्त्री आहेत. त्यांनी उमेदीत असे वाडे दुरुस्त केले आहेत. उतरवलेले मात्र थोडेच. रोजचा भत्ता ४५० रुपये, मिस्त्रींना ९०० रुपये.

१२ जानेवारी

वीज तोडल्याशिवाय कोणीही आत हत्यार लावायचे नाही, असे ठरवले होते. मीटर काढून नेला गेला, तरी माडीवरचा एक दिवा लागत होता. शोध घेतल्यावर मागच्या गोठ्यातून ओढलेली दुसरी तार सापडली. तेव्हापासून मीटर गेला म्हणजे वीज गेली असे न मानता प्रत्येक खोलीत टेस्टर लावून पाहिले जाते आणि पाहणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जाते.

पाडकामाच्या सुरक्षिततेसाठी आय.एस. ४१३० हे भारतीय मानक आहे. त्यातील तीन गोष्टी मराठीत लिहून दारावर लावल्या : काम वरून खाली आणि मजल्यामागून मजला करावे, कोणाच्याही डोक्यावर दुसरे कोणी काम करीत नसावे, आधार गेलेली भिंत रात्रभर मोकळी सोडू नये. हेल्मेट, बूट, धुळीचे मुखवटे, हातमोजे, कमरपट्टे, दोर, पहारी, जंबूर आणि पटाश्या मिळून मोठी रक्कम लागली. विमा ८,९०० रुपये. या दोन रकमा काम मागण्यापूर्वीच हाताशी असाव्यात, कारण माल विकून येणारा पैसा फार उशिरा येतो.

१७ जानेवारी

लाकडाची मोजणी झाली. प्रत्येक खांब आणि तुळई टेप लावून मोजली आणि आकडा २२० घनफुटांवर गेला. मिस्त्रींनी वही पाहिली, काहीच न बोलता हातोडी उचलली आणि एका तुळईवर मधून भिंतीकडे ठोके देत गेले. मधला आवाज खणखणीत होता. भिंतीपासून हातभर अंतरावर तो बसका झाला आणि भिंतीशी अगदी मेला. भिंतीत गेलेले टोक पिढ्यान्‌पिढ्या ओल पीत असते, त्यामुळे सागवान असले तरी तेवढा भाग कुजतो किंवा वाळवी लागून पोकळ होतो. मुलांनी मग सगळ्या तुळया ठोकून पाहिल्या आणि प्रत्येकीवर जेथे आवाज बदलला तेथे खडूची रेघ ओढली. रेघांच्या मधले लाकूड मोजल्यावर आकडा १७० घनफुटांच्या आसपास आला. मालकांशी बोली करण्यापूर्वी हे केले असते, तर एक लाखाचा आकडा आम्ही तोंडातून काढला नसता.

खुणांसाठी प्रत्येक खणाला, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेला, अक्षर आणि प्रत्येक लाकडाला क्रमांक दिला आहे. खडू पुसला जातो, म्हणून क्रमांक तेलरंगाने आणि जी बाजू पुढे दिसणार नाही तिच्यावर घालायचे.

२० जानेवारी

कौले. आढ्यावरचे कोने आधी काढले आणि मग दोन्ही उतारांवरून सारख्याच ओळी उतरवत आलो. एकाच बाजूचे ओझे कमी झाले तर जुने छप्पर दुसरीकडे कलते. सुमारे २,१०० कौले होती.

पहिल्या दिवशी मुलांनी वरून खाली कौल फेकण्याची आणि झेलण्याची नेहमीची पद्धत धरली. ती वीटकामावर ठीक चालते. कौल अडीच किलोच्या आसपास असते, त्याच्या कडा पातळ असतात आणि पागोळीची ओळ शेवाळाने निसरडी झालेली असते. दुपारपर्यंत फुटलेल्यांचा ढीग उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून शिडीवर तिघे उभे करून हातोहात माल दिला. वेळ दुपटीने लागला आणि फूट जवळजवळ थांबली. रचणेही बदलावे लागले. कौले आडवी एकावर एक ठेवली की खालची दबून तडकतात, म्हणून ती काठावर उभी, भिंतीला किंचित टेकवून रचायची.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कौलांची गटवारी. प्रत्येक कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. मंगलोरला बासेल मिशनने १८६५ मध्ये हा उद्योग सुरू केला आणि नंतर इतर अनेक कारखाने निघाले. त्या प्रत्येकाच्या साच्याच्या खाचा थोड्या निराळ्या. एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही आणि पावसाळ्यात तेथूनच गळते. दुरुस्तीसाठी जुनी कौले शोधणारा माणूस म्हणूनच ठसा विचारतो. आमच्या छपरावर चार प्रकारचे ठसे निघाले. मुलींपैकी एकीने कोळशाने ठसे घासून वाचण्याची युक्ती काढली आणि चार वेगळ्या थप्प्या लावल्या. मिसळलेल्या मालाला कौलामागे पाच रुपये सांगणाऱ्या व्यापाऱ्याने वेगळ्या थप्प्यांना नऊ रुपये दिले. चांगली १,६४० कौले विकली गेली.

३ फेब्रुवारी

मागच्या न्हाणीघरावर सिमेंटचे जुने पन्हळी पत्रे होते. ते ॲसबेस्टॉसचे निघाले. मुलांपैकी एकाचे म्हणणे असे, की त्यांच्या गोठ्यावर असेच पत्रे आहेत आणि कोणाला काही झालेले नाही. पत्रा छपरावर साबूत असतो तोवर त्याचा उपद्रव कमी असतो. तो फोडला, कापला किंवा घासला की तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात कायमचे बसतात. रोग दिसायला कित्येक वर्षे लागतात. त्यामुळे प्रशिक्षणार्थ्यांना त्या दिवशी आवाराबाहेर ठेवले. मिस्त्रींनी आणि मी पत्रे पाण्याने भिजवून, बोल्ट कापून, अख्खेच्या अख्खे उतरवले आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळले. कापडी रुमाल येथे कुचकामी असतो. तंतू अडवणारा मुखवटाच लागतो.

पत्रे विकत मागायला गावातून दोघे आले. दिले नाहीत. ते घातक कचऱ्यात मोडतात आणि आमच्यासाठी जवळचे केंद्र रांजणगावला आहे. नेण्याचा खर्च वाहतुकीच्या आकड्यात धरलेला आहे. नव्या माणसाने पाहणीच्या दिवशीच असे पत्रे शोधावेत आणि त्यांची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहून घ्यावे. आमच्या करारात त्याविषयी अक्षर नव्हते, म्हणून खर्च आमच्या अंगावर आला.

९ फेब्रुवारी

छपराचे वासे आणि रिपा निघाल्या. आता माडीची जमीन. कड्यांवर सागवानी तक्ते, त्यांवर सुमारे अर्धा फूट माती आणि वर शेणाने सारवलेली जमीन असा कडीपाट आहे. वरून पहार घालून तक्ते उचकटण्याचा प्रयत्न झाला आणि पहिल्या खणातल्या निम्म्याहून अधिक तक्त्यांची टोके चिरली. तक्ता खिळ्याच्या आधी फाटतो, कारण पहारीचा सगळा जोर एकाच जागी येतो.

मिस्त्रींनी क्रम उलटा केला. प्रथम सगळी माती काढायची. तीही मधून दोन्ही बाजूंना, थोडी थोडी. एका खणावरचे ओझे एकदम उतरले की कडी वर उचलते आणि शेजारचा सांधा ताणला जातो. मग खाली घोडा लावून, त्यावर उभे राहून, खिळ्याच्या अगदी लगत लाकडी ठोकळा धरायचा आणि खालून हलके ठोके द्यायचे. खिळा सुताएवढा वर आला की तक्ता पुन्हा खाली दाबायचा. खिळ्याचे डोके मोकळे राहते आणि ते जंबुराने धरता येते. एक तक्ता काढायला सुरुवातीला पाव तास लागत असे. आठवड्याने तोच वेळ चार-पाच मिनिटांवर आला आणि त्यानंतर चिरलेला तक्ता विरळाच.

निघालेली माती टाकायची कोठे, हा प्रश्न आपोआप सुटला. पांढरीची जुनी माती रानात टाकणे शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. गावात निरोप जाताच तीन ट्रॅक्टर आले आणि वरच्या मजल्याच्या भेंड्यांसह सगळी माती फुकट उचलली गेली. आमचा राडारोडा वाहून नेण्याचा खर्च त्यामुळे बराच वाचला. भिजलेली माती मात्र कोणी घेत नाही, म्हणून ढिगावर ताडपत्री होती.

१४ फेब्रुवारी

या आठवड्यात दोन मुले काम सोडून गेली. शिरवळच्या एका कारखान्यात कंत्राटी काम मिळाले. तेथे पगार जास्त आणि धूळ कमी. त्यांना थांबवण्यासाठी सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नव्हते. जागा रिकाम्या राहिल्या, कारण अर्ध्या कामात नवा माणूस घेणे धोक्याचे वाटले.

१९ फेब्रुवारीची सुट्टी धरून पुढचा आठवडा तुळयांचा आहे.

२३ फेब्रुवारी

तुळया उतरल्या. या वाड्यात खांब आणि तुळई यांच्या सांध्याला लोखंड नाही. खांबाच्या माथ्यावरचे कुसू तुळईच्या खाचेत बसते आणि आडवी लाकडी मेख त्याला धरून ठेवते. मेख काढल्याशिवाय तुळई उचलली तर कुसू मोडते आणि खांबाची किंमत तेथेच उतरते. मेखा इतकी वर्षे दबून बसलेल्या होत्या. हातोडीने ठोकल्यावर त्यांची डोकी फुलली आणि त्या आणखी घट्ट झाल्या. शेवटी मेखेच्या अंगापेक्षा थोड्या बारीक लोखंडी सळईने उलट्या बाजूने, एकसारख्या हलक्या ठोक्यांनी त्या बाहेर काढल्या. फार अडलेल्या मेखा गिरमिटाने मधोमध पोखरल्या. मेख गेली तर नवी करता येते, खांब करता येत नाही.

तुळईच्या दोन्ही टोकांखाली टेकू, मधोमध तिपाईला टांगलेली चेनपुली, दोन्ही टोकांना सावरायचे दोर आणि आवाज देणारा एकच माणूस अशी मांडणी होती. सुरुवातीला सगळेच ओरडत होते आणि दोर धरणाऱ्याला काही कळत नव्हते. मग आवाजाचे काम प्रत्येक तुळईला वेगळ्या प्रशिक्षणार्थ्याकडे दिले. ज्याच्याकडे आवाज, त्याने हात लावायचा नाही, फक्त पाहायचे. ‘‘मामा, तुम्हीच सांगा ना,’’ असे म्हणून मुले पहिल्यांदा मागे सरत. मिस्त्रींनी तोंड उघडले नाही. तिसऱ्या-चौथ्या तुळईपासून कोणाला मागे पाहावे लागले नाही. उंचीवरच्या कामात आज्ञा देता येणे ही वेगळी विद्या आहे आणि जेसीबीच्या कामात ती शिकायची संधीच येत नाही.

सामाईक भिंतीतून टोके काढताना शेजाऱ्यांच्या बाजूने एक मुलगी तडे पाहायला उभी होती. भिंतीवर आधीच असलेल्या तड्यांवर चुन्याचे ठिपके देऊन ठेवले होते. ठिपका फुटला तर काम थांबवायचे. एक फुटला. टेकू वाढवून ते टोक ओढून काढण्याऐवजी भिंतीच्या अंगाशी कापले. हातभर लाकूड भिंतीतच राहिले आणि ते शेजाऱ्यांनाही पसंत पडले.

४ मार्च

विटा. चुन्यातली वीट करणीच्या कडेने दोन-तीन टपल्या मारल्या की मोकळी होते, चुना पापुद्र्यासारखा निघतो आणि वीट पुन्हा वापरता येते. पडवीच्या सिमेंटमधल्या विटांचे तसे नाही. तेथे सांधा विटेपेक्षा बळकट असतो. घाव घातला की वीट फुटते आणि सिमेंट जागचे हलत नाही. दोन दिवस त्यावर घालवल्यावर हाती आलेल्या अख्ख्या विटा मजुरीच्या हिशेबात हास्यास्पद होत्या. पडवी घणाने पाडली आणि तिचा राडारोडा मालकांच्या नव्या जोत्यात भरावाला गेला. सगळे काही वाचवायचेच, हा हट्ट या कामात परवडत नाही.

चुन्यातील ८,५०० विटा चार रुपयांनी गेल्या. घेणारे बहुतेक फार्महाउस बांधणारे होते. त्यांना जुन्या विटेचा चपटा आकार आणि रंग हवा असतो. मजबुतीविषयी कोणी विचारले नाही.

१३ मार्च

खिळे काढण्याच्या टेबलाविषयी लिहायचे राहिले होते. लाकूड खाली आले म्हणजे काम झाले, असा आमचा समज मोडायला एक कापगिरणी पुरली. पहिली गाडी भरून तक्ते आणि कड्या कापायला नेल्या. तिसऱ्याच कडीत आत मोडून राहिलेला खिळा पात्याला लागला. पात्याचे पैसे भरावे लागले आणि उरलेला माल गिरणीवाल्याने परत पाठवला. त्या भागातल्या गिरण्यांमध्ये हे लगेच कळले आणि पुढे दोन ठिकाणी नकार आला.

त्यानंतर हातात धरायचा धातुशोधक घेतला. आवारात दोन लांब टेबले मांडली. पहिल्यावर दिसणारे खिळे निघतात. दुसऱ्यावर प्रत्येक लाकडाच्या चारही अंगांवरून शोधक फिरतो, आवाज आला की तेथे पिवळी खूण आणि मग पटाशीने उकरून खिळा बाहेर. शोधक फिरवणाऱ्याने लाकडावर आपली आद्याक्षरे घालायची. एका जुन्या ओळखीच्या गिरणीवाल्याला बोलावून त्याच्यासमोर दहा कड्या तपासून दाखवल्या, तेव्हा त्याने माल घ्यायचे मान्य केले. त्याच कड्या बिनतपासलेल्या असताना घनफुटाला १,१०० रुपये सांगितले जात होते. खिळेमुक्त, टोके छाटलेल्या आणि लांबीप्रमाणे लावलेल्या कड्यांना १,६०० रुपये आले. लांब, निरोगी तुळयांना २,८०० रुपयांपर्यंत भाव मिळाला. पहिले तीन आठवडे मी सगळी माणसे इमारतीवर ठेवली होती आणि टेबलावर कोणीच नव्हते. पुढच्या कामात पहिल्या दिवसापासून निदान तिघे टेबलावर असतील.

दारे-खिडक्यांचा अंदाज मात्र उलटला. जुन्या खिडक्यांना मोठी मागणी असते असे ऐकले होते. मागणी नक्षीच्या खिडक्यांना आहे. साधी गजांची, ठेंगणी, कोणत्याही आजच्या मापात न बसणारी खिडकी कोणी नेत नाही. अशा खिडक्या सोडवून त्यांच्या फळ्यांचे पाट, चौरंग आणि आरशांच्या चौकटी करायला घेतल्या. पैसे थोडे येतात, पण रंधा आणि सांधे शिकवण्यासाठी याहून चांगला माल नाही.

२० मार्च

विकलेल्या सागवानाची एक गाडी पुण्याला जायची होती. जुने असले तरी सागवान ते सागवान. रस्त्यात अडवले गेल्यास घराचे लाकूड असल्याचे तोंडी सांगून भागत नाही. वन खात्याच्या वाहतूक परवान्यासाठी लाकडाची यादी, मालकांचा दाखला, ग्रामपंचायतीचे पत्र आणि इमारतीचे उतरवण्यापूर्वीचे फोटो दिले. पाहणी होऊन परवाना हातात येईपर्यंत गाडी उभी राहिली आणि गिऱ्हाइकाने वाट पाहून निम्मा माल रद्द केला. अर्ज छप्पर उतरायला लागते त्याच आठवड्यात द्यावा. फोटो प्रत्येक लाकूड जागेवर असतानाच, क्रमांक दिसेल असे घ्यावेत; आमचे तेलरंगाचे क्रमांक येथे अनपेक्षितपणे कामी आले.

३० मार्च

जागा सपाट करून मालकांच्या ताब्यात दिली. हिशेब असा. लाकूड ३,०२,००० रुपये, दारे-खिडक्या आणि त्यांपासून केलेल्या वस्तू ५८,०००, कौले १४,७६०, विटा ३४,०००, जोत्याचे दगड २६,०००. एकूण जमा ४,३४,७६० रुपये. मालकांना १,००,०००, भत्ते २,२६,८००, मिस्त्री ५९,४००, हत्यारे आणि सुरक्षासाधने ४६,२००, वाहतूक व राडारोडा ४१,५००, विमा ८,९००. एकूण खर्च ४,८२,८०० रुपये. तूट ४८,०४० रुपये. पात्याची भरपाई आणि धातुशोधक हत्यारांत धरले आहेत. माझा पगार यात नाही.

हत्यारे पुढच्या कामालाही चालतील, तेव्हा तूट दिसते तितकी वाईट नाही. तरीही मालकांना एक लाख देऊन हे काम स्वतःच्या पायावर उभे राहत नाही. अमेरिकेतील पोर्टलंड शहराने ऑक्टोबर २०१६ पासून १९१६ आणि त्याआधीची घरे यंत्राने पाडण्याऐवजी हाताने उतरवणे बंधनकारक केले. तेथे मालक माल संस्थेला दान देऊन करसवलतही घेऊ शकतो. आपल्याकडे देणगीवरची प्राप्तिकराची सवलत वस्तुरूप देणगीला मिळत नाही, त्यामुळे मालकाने तुळया दान द्याव्यात यासाठी त्याच्यासमोर ठेवण्यासारखे काही नसते. पुढच्या बोलीत रोख रक्कम पन्नास हजारांवर आणायची आणि त्याबदल्यात मालकांना नव्या घरासाठी त्यांच्याच लाकडाच्या चौकटी करून द्यायच्या, असे ठरवले आहे. या मालकांना विचारले असता ते म्हणाले, की आधी सांगितले असते तर त्यांनी हेच पसंत केले असते.

१२ एप्रिल

सात जणांनी काम पूर्ण केले. दोघे मिस्त्रींच्या ओळखीने सुतारकामाला लागले आहेत. एक मुलगी गिरणीत माल तपासण्याच्या कामावर आहे. ते काम तिने स्वतः जाऊन मागितले, धातुशोधक बरोबर नेऊन.

उरलेल्यांचा प्रश्न बांधकाम कामगार म्हणून नोंदणीचा आहे. कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी आधीच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि कायद्याच्या व्याख्येत पाडकामही येते. या आकाराच्या एका वाड्यात नव्वद दिवस भरत नाहीत. हजेरीची वही पहिल्या दिवसापासून सहीसकट ठेवलेली आहे, ती आता उपयोगी पडेल. परंतु कमी पडणारे दिवस भरण्यासाठी दुसरे काम लगेच हवे. शेजारच्या गावात बंद पडलेल्या गुऱ्हाळाची कौलारू शेड आहे. तेथे लाकूड हलके आहे आणि मालक पैसे मागत नाहीत. पाऊस सुरू होण्यापूर्वी ती उतरवून हवी आहे. पाहणीला सोमवारी जायचे आहे. टेस्टर, हातोडी आणि धातुशोधक बरोबर न्यायचे आहेत आणि छपरावरचे पत्रे कशाचे आहेत ते आधी पाहायचे आहे.